अक्काचा देह आणि वारसाचा दाखला

विषय : श्रीमती अंबुबाई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, यांचा मरणोत्तर देहदानाचा अर्ज.

संदर्भ : माझी सख्खी थोरली बहीण.

वरील विषयाबाबत सविनय नमूद करण्यात येते की, सदर अर्ज रीतसर भरलेला आहे, फोटो चिकटवलेला आहे, आणि अर्जदार शुद्धीवर व भयंकर संतापलेली आहे.

बाकीचं साध्या भाषेत सांगतो. मेमोची भाषा आयुष्यभर लिहिली, आता तिचा वीट आलाय.

तंजावूरजवळच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात मी शरीररचना विभागाचा क्लार्क होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही; नाव सांगितल्याने ते सुधारणार नाही. आमच्याकडे एक मोठी प्रयोगशाळा होती, तिथे माणसाच्या शरीरातल्या टिश्यूंचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली पोरांना दाखवत. मराठी पुस्तकांत टिश्यूला 'ऊती' म्हणतात म्हणे. आमच्याकडे कुणी म्हणत नसे, मीही म्हणणार नाही. शरीरात चरबी जशी नकळत साठते तसे अशा जागी काम करणाऱ्याच्या डोक्यात किस्से साठतात. नोकरीत असताना ते खर्च करता येत नाहीत, आणि रिटायर झाल्यावर जिरत नाहीत!

एक खुलासा. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं आमचं मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे तोंडावर हात ठेवतात. म्हणून इथलं बोलणं थोडी इस्त्री मारून देतो आहे. संताप मात्र मूळचाच आहे.

*

अक्काचे यजमान फार लवकर गेले. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती माझ्या घरी. मी कॉलेजातून आलो की कॉफीचा टंबलर पुढे सरकवायची आणि विचारायची, "काय रे, आज काय कापलं?"

विभागाच्या प्रमुख डॉक्टर वसंता यांच्या नोट्स मीच टाइप करत असे, त्यामुळे मला बरंचसं पाठ झालं होतं. मी सांगायचो. टिश्यू म्हणजे एकाच कामाला लागलेल्या पेशींचा जथा. शरीरात मुख्य प्रकार चार. पहिला झाकणारा : अंगावरची कातडी, आतड्याचं अस्तर वगैरे. दुसरा जोडणारा आणि आधार देणारा : हाड, कूर्चा, चरबी, रक्तसुद्धा. तिसरा ओढणारा, म्हणजे स्नायू. चौथा निरोप नेणारा, म्हणजे मेंदू आणि नसा.

"रक्त जोडणाऱ्यांत?" अक्का म्हणाली. "ते तर पातळ."

"मॅडम म्हणतात, सगळीकडे फिरतं, सगळ्यांना पोहोचवतं, म्हणून."

"सरी," अक्का म्हणाली. म्हणजे ठीक आहे, पुढे बोल.

मी पुढे गेलो. झाकणाऱ्या टिश्यूच्या पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, मध्ये फट नाही. सगळ्यात वरच्या जागी बसतात. आणि त्यांच्यात स्वतःची रक्तवाहिनी एकही नसते. सगळं पोषण खालच्या थरातून येतं.

अक्काने टंबलर उचलला आणि म्हणाली, "कळलं. ऑफिसर!"

*

टिश्यूचा काप काढायचा तर तो आधी मेणात बसवावा लागतो. मग मेणाच्या त्या ठोकळ्यातून केसाहून पातळ पापुद्रे काढतात. ही पद्धत थंड देशात निघाली. आमच्या गावात चित्रा महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मेणाचा ठोकळा पात्यापुढे धरला की तो काप न देता लोळतच पडतो. एसीचा प्रस्ताव अर्थात विचाराधीन होता. म्हणून आमचे टेक्निशियन रोज बाजारातून बर्फ आणून ठोकळे त्यावर ठेवत.

एके दिवशी अकाउंट्सकडून पत्र आलं : विभागात बर्फ कशासाठी लागतो? सरबत होतं काय?

आम्ही सविस्तर उत्तर दिलं. त्यावर दुसरं पत्र : ठीक आहे. तथापि खरेदी केलेला बर्फ स्टॉकमध्ये घ्यावा आणि महिनाअखेर शिल्लक राहिलेला बर्फ भांडारात जमा करावा.

मला वाटलं, मॅडम संतापतील. त्यांनी शांतपणे एक बादली मागवली. पाण्याने अर्धी भरली. वर माझ्याकडून चिठ्ठी टाइप करून घेतली, 'शिल्लक सोबत पाठवत आहे', आणि बादली भांडारात पाठवून दिली.

आमची दोन दिवस हसून पुरेवाट झाली. तिसऱ्या दिवशी भांडाराची पोच आली.

"बादली मिळाली. माल खराब अवस्थेत. जबाबदारी निश्चित करावी."

*

इन्स्पेक्शन येणार होतं. भिंतीवर 'टिश्यूंची कार्ये' असा तक्ता लावायचा ठरला. आता भिंत विभागाची असली तरी तिच्यावर काहीही लावायला प्रशासकीय अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. तक्ता वर गेला. आठवड्याने परत आला तेव्हा लाल शाईने नुसता रंगला होता.

मॅडमनी लिहिलं होतं, 'हृदयाचा स्नायू आपल्या आदेशाशिवाय आपोआप आणि अखंड काम करतो.' बाजूला लाल शाईत : 'कोणाच्या मंजुरीने?'

'चरबी ऊर्जेचा साठा करते.' बाजूला : 'साठ्याची तपासणी शेवटची केव्हा झाली?'

'नसा निरोप थेट मेंदूकडे पोहोचवतात.' बाजूला : 'थेट नको. विभागप्रमुखांमार्फत पाठवावेत.'

हा माणूस विनोद करत नव्हता हो! मी त्यांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांत त्यांना हसताना पाहिलेलं नाही.

नवा तक्ता करायला वेळ नव्हता. मॅडमनी तोच लाल शाईसकट भिंतीवर लावला. इन्स्पेक्टरांनी तो वाचला की नाही, ठाऊक नाही. पोरांनी मात्र नीट वाचला असावा. त्या वर्षीच्या परीक्षेत हृदयाच्या स्नायूवर टीप लिहा म्हटल्यावर एका हुशार मुलीने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, "हा स्नायू मंजुरीशिवाय काम करतो, परंतु त्याच्यावर अद्याप कारवाई झालेली नाही."

मॅडमनी तिला पूर्ण मार्क दिले.

*

त्याच इन्स्पेक्शनसाठी चेतापेशीचं, म्हणजे निरोप नेणाऱ्या टिश्यूतल्या पेशीचं, मोठं मॉडेल हवं होतं. बाहेरून मागवायला पैसे नव्हते. मी म्हणालो, "मॅडम, आपण तंजावूरला बसून मॉडेल बाहेरून कशाला मागवायचं? अर्धं गाव बाहुल्या करतं."

बाहुल्या करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला चित्र दिलं. समजावलं की हा वरचा गोल भाग म्हणजे पेशीचं मुख्य अंग, डोकंच समजा. आणि ही खाली गेलेली लांब शेपटी, तिच्यातून निरोप जातो.

महिन्याने मॉडेल आलं. कागदाच्या लगद्याचं, देखणं. पिवळा रंग, लाल काठ, शेपटीला हिरवी नक्षी. टेबलावर ठेवलं, आणि वरच्या गोल भागाने आमच्याकडे पाहून मान डोलावली!

अगदी आमच्या तलैयाट्टि, म्हणजे मान डोलावणाऱ्या, बाहुलीसारखी. पंख्याच्या वाऱ्याने नुसती डुलत राहिली.

"अय्या, हे का हलतंय?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात डोकं आहे," कारागीर म्हणाला. "आम्ही डोकं बसवलं की ते हलतं. न हलणारं डोकं आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही."

इन्स्पेक्टर आले. मॉडेलपुढे थबकले. बोटाने हळूच टोचलं. ते डोलायला लागलं.

"डॉक्टर, ही पेशी खरोखर अशी हलते?"

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "पण या कॉलेजात वरच्या जागी जे बसवतात ते होच म्हणतं."

*

इन्स्पेक्टर गेले आणि प्रशासकीय अधिकाऱ्यांनी मॉडेल रद्दबातल ठरवून टाकून देण्याचा हुकूम काढला. त्याच्याबरोबर मातीचं आतड्याचं अस्तर आणि हाडाचा आडवा छेदही निघाला. मला ते सगळं कचऱ्यात टाकवेना. मॅडमना विचारून घरी आणलं.

पुढे मी रिटायर झालो, आणि काही वर्षांनी एका नवरात्रात अक्काने कोलू मांडला. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्या लावून त्यांवर बाहुल्या मांडतात आणि आसपासच्या बायका बघायला, गाणं म्हणायला, सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खायला येतात. वरच्या पायऱ्यांवर देवदेवता, खाली वाणी-वाणीण, लग्नाची वरात. अक्काने त्या वर्षी मधली पायरी रिकामी करून तिथे आतडं, हाड आणि मान डोलावणारी चेतापेशी मांडली.

शेजारच्या मामी आल्या. सवयीने एकेका मूर्तीला हात जोडत खाली येत होत्या. आतड्यालाही जोडले. मग थांबल्या.

"अंबू, हे कुठलं दैवत?"

"हात जोडलेत ते बरं केलंत," अक्का म्हणाली. "तुमचं सुंडल हेच पचवणार आहे."

मॅडमही आल्या होत्या. पानसुपारी घेऊन बसल्या. मॉडेलं पाहून हसल्या, आणि मग म्हणाल्या, "अक्का, मॉडेलं चांगलीच आहेत. पण पोरांना खरं शरीर लागतं. कातडीखाली चरबी कशी असते, स्नायू हाडाला कसा धरून असतो, हे हाताला कळावं लागतं. यंदा एका देहाभोवती इतकी पोरं उभी राहतात की मागच्यांना फक्त पुढच्यांचे कोट दिसतात. अशी पोरं उद्या डॉक्टर होणार."

अक्काला हे झोंबलं. आदल्याच वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, तरी पाय जरा ओढतच चालते. ती म्हणाली, "माझं आहे की."

"काय?"

"शरीर. माझं घ्या. म्हातारीचं चालतं ना?"

मॅडम मान हलवून हो म्हणाल्या.

"खुब्यात सळई आहे. पोरांना सांगा, पात्याला धक्का बसेल."

नंतर मी तिला एकटीला गाठून विचारलं, हे गमतीत की खरं. माझ्यावर उखडली. "आयुष्यात मी काय केलं रे? आधी त्यांच्या घरी स्वयंपाक, मग तुझ्या घरी स्वयंपाक. शिकायचं होतं, कुणी शिकवलं नाही. निदान मेल्यावर तरी कॉलेजात जाऊ दे!"

*

अर्ज मी स्वतः टाइप केला. जोडपत्रं लावली. वारसांची संमती म्हणून खाली माझी सही ठोकली, आणि माझ्या जागी आता बसतो त्या प्रभाकरनकडे नेऊन दिला. मुलगा चांगला आहे. मला पाहून उठून उभा राहतो, कॉफी मागवतो, आणि काम करत नाही.

"राव सार," तो म्हणाला, "तुमची सही चालणार नाही."

"का? सख्खा भाऊ आहे!"

"भाऊ आहात, वारस नाही. निपुत्रिक विधवा म्हटल्यावर वारस नवऱ्याकडचे. नियम आहे सार."

मी म्हणालो, "प्रभाकरन, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त मी दिलं. मी! ह्या वयात डॉक्टर नको म्हणत होते, भांडून दिलं. तुझ्याच कॉलेजात शिकवतात, रक्त हा जोडणारा टिश्यू आहे म्हणून!"

त्याने सहानुभूतीने मान डोलावली. ते मॉडेल त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला हुबेहूब जमली.

"सार, रक्ताने जोडलेलं आम्हाला दिसत नाही. स्टेपलरने जोडलेलं पाहिजे."

*

नवऱ्याकडचा म्हणजे एकच उरला होता : अक्काच्या दिराचा मुलगा गोपाळराव. पापनाशमला असतो. भातशेती आहे, घर आहे, दारात मोटार आहे. अक्काचं हाड मोडलं तेव्हा त्याने फोनवर "काळजी घ्या" म्हटलं होतं. कुणी घ्यायची ते म्हटलं नव्हतं.

मी एकटाच जाणार होतो. पण अक्का सकाळीच पिशवी घेऊन तयार. "मीही येते." बसमध्ये पाय लांब करायला जागा नव्हती, दुखत असणार, बोलली नाही. मी पिशवी घ्यायला गेलो तर तीही देईना.

गोपाळरावाने स्वागत चांगलं केलं. काकू आली, काकू आली म्हणून वाकून नमस्कार केला. बायकोने कॉफी ठेवली. मग मी कागद काढला.

वाचता वाचता गोपाळरावाचा चेहरा लाल झाला. "हे जमणार नाही मामा. लोक काय म्हणतील? आमच्या घरची सून, तिला कापायला देऊ? अग्नी नाही, काही नाही? काकूचा देह हा आमच्या घरचा आहे. त्यावर आमचा हक्क आहे!"

मी तोंड उघडणार, एवढ्यात अक्काच म्हणाली, "खरं आहे तुझं, गोपाळा."

मी चमकलो.

"देह तुमच्या घरचा. मी इतकी वर्षं तो भावाकडे ठेवला, चुकलंच." तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि उघडली. आत चार साड्या, गोळ्यांचा डबा, दातांची वाटी. "म्हणून मी तो घेऊनच आलेय. आजपासून इथेच राहते. मला खालची खोली दे, जिना चढवत नाही. रात्री दोनदा उठवावं लागतं. कॉफी पहाटे लागते, पण पहिल्या डिकॉक्शनची, दुसऱ्या पाण्याची नाही. आणि सून कुठाय? तिला म्हणावं, खुब्याला तेल रोज लावायचं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मग आतून गोपाळरावाच्या बायकोचा अगदी गोड आवाज आला :

"अहो, पेन सापडत नसेल तर देऊ का?"

कॉफी निवायच्या आत सही झाली. येताना बसमध्ये अक्काने पिशवी मला दिली. म्हणाली, "धर. जड आहे."

*

सहीचा कागद घेऊन आम्ही दोघं प्रभाकरनकडे गेलो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, ती दुरुस्तीत आहे. अक्का कठड्याला धरून एकेक पायरी चढली, मध्ये दोनदा थांबली. प्रभाकरन उठून उभा राहिला. खुर्ची दिली. कॉफी मागवली. कागद वाचला.

"फार छान, अम्मा. आता हे गोपाळराव तुमचे वारस आहेत याचा तेवढा पुरावा द्या. वारसाचा दाखला. तालुका कचेरीत मिळतो."

आम्ही तालुका कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, पाहिला, आणि समजावून सांगितलं. वारसाचा दाखला माणूस गेल्यावर निघतो. सोबत मृत्यूचा दाखला लावावा लागतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं; जिवंत माणसाचा वारस कुठून ठरवणार?

पुन्हा कॉलेज. पुन्हा दोन मजले. मॅडमनाही बोलावून आणलं. मॅडम प्रभाकरनवर चिडल्या, म्हणाल्या मी विभागप्रमुख आहे, मला देह हवा आहे, ही बाई द्यायला तयार आहे, मध्ये तू कोण? तो म्हणाला, मी कुणीच नाही मॅडम, नियम आहे. मी ओरडलो. माझं ब्लडप्रेशर वाढलं.

अक्का एकटी शांत बसली होती. पदराने घाम पुसत म्हणाली, "म्हणजे बाळा, मी आधी मरायचं, मग दाखला काढायचा, मग हा अर्ज द्यायचा. असंच ना?"

"हो अम्मा," प्रभाकरन म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं असावं, कुणालातरी समजलं म्हणून. "घाई नाही. तुमच्या सोयीने. दाखला मिळाला की घेऊन या. फक्त एक आहे अम्मा, अर्जदाराने स्वतः हजर राहून माझ्यासमोर सही करायची असते. राव सारांना पाठवलं तर चालणार नाही."

अक्का उठली. काठी शोधली, चष्मा नीट केला, आणि दारातून वळून म्हणाली, "सरी. पण मला जिना चढायला वेळ लागतो. ऑफिस लवकर बंद करू नकोस!"

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.